रंगासाठी जीव, की जीवासाठी रंग?

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठी वाचकांस नवा नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत प्रा. ना. सी. फडके व श्री. वि. स. खांडेकर ह्या दोन नामांकित लेखकांच्या नावांभोवती तो एवढा रंगला की वाङ्मयाच्या चर्चेस काही काळ जणू दुसरा विषयच उरला नाही. त्या वादाचा निकाल लागला नाही, आणि लागावा अशी कोणाची फारशी इच्छाही नसावी. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. कलावंताच्या हातातील साहित्य मुके व निर्जीव असते, हे ते गृहीत. शब्द मोडला तर शब्दास दुखत नाही. संगमरवराचा कपचा उडाला तर दगड कण्हत नाही. म्हणून कलेचा सारा हिशेब कलावंत व रसिक ह्या दोघांतच संपतो. जेथे कोणी तिसरा उपस्थित असतो, म्हणजे जेथे कलेचे साहित्यच श्वास घेत असते, तेथे त्या जुन्या वादाचे काय होते, हे पाहण्याचा आमचा आज विचार आहे.

अशी एक कला गेल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिका व युरोप येथे भरभराटीस आली आहे. पाळीव सापांची रंगासाठी पैदास करणे, ही ती कला होय. तिचे कारागीर हाती कुंचला धरीत नाहीत. ते जोड्या लावतात. कोणत्या मादीस कोणता नर द्यावा, अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकी कोणती राखावीत व कोणती विकावीत, ह्या निवडीतून ते पांढरे, पिवळे, केशरी, करडे, बांडे असे साप सिद्ध करतात. प्रत्येक नव्या रंगास नवे नाव मिळते, आणि दुर्मिळ रंगाचे पहिले पिलू एखाद्या नामांकित चित्रकाराच्या चित्रासारखे मोठ्या किमतीस जाते. प्रदर्शने भरतात, ग्रंथ निघतात, जाणकार व नवशिके असे रसिकांचे वर्ग पडतात. कलाव्यवहाराची सर्व लक्षणे येथे आहेत. नाही ती फक्त टीका. सापाचे नाव काढताच ज्यांच्या अंगावर काटा उभा राहतो, ते वाचक विचारतील की परक्या देशातील ह्या छंदाशी आपला संबंध काय? संबंध आहे. ज्या प्रश्नावर ही कला अडखळते तो प्रश्न आपल्या प्राणिसंग्रहालयात व आपल्या गोठ्यातही उभा आहे. सापाच्या पेटीत तो अधिक उघडा दिसतो, इतकेच.

प्रथम ह्या कलेचा इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या आग्नेय भागात 'कॉर्न स्नेक' म्हणजे मका-साप नावाचा एक बिनविषारी साप आढळतो. तांबूस-केशरी अंगावर काळ्या कडांचे लालसर डाग, असे त्याचे मूळचे रूप. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात ह्या जातीचा एक विवर्ण नर सापडला. त्याच्या अंगी काळे रंजकद्रव्य मुळीच नव्हते. डोळे गुलाबी, अंग पिवळट-केशरी, डागांना काळ्या कडा नाहीत. ह्या नराच्या वंशातून १९६१ साली विवर्ण पिले निघाली, आणि हा रंग पिढ्यांतून कसा उतरतो हे व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. बेक्टेल ह्यांनी १९६२ साली निबंध लिहून दाखवून दिले. माणसाच्या कातडीचे विकार तपासणाऱ्या डॉक्टरास सापाच्या कातडीचे कुतूहल वाटावे, हे मोठे मनोवेधक आहे. त्यानंतर आफ्रिकेतील 'बॉल पायथन' नामक लहान अजगराची पाळी आली. १९९२ साली त्याची विवर्ण पिले प्रथमच बंदिवासात सिद्ध झाली, आणि छंदाचा धंदा झाला.

ह्या सर्व कारागिरीचा पाया एका साध्या नियमात आहे. ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून तो शोधिला व १८६६ साली प्रसिद्ध केला; जगाने तो १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी ओळखला. प्रत्येक जीवाच्या अंगी एकेका गुणाची दोन बीजे असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेले. त्यांस आपण जनुके म्हणतो. काही जनुके एकटी असली तरी आपले म्हणणे खरे करतात, ती प्रभावी. काही जनुके जोडीने आली तरच बोलतात, एकटी असली तर मुकाट राहतात; ती अप्रभावी. विवर्णतेचे जनुक बहुधा ह्या दुसऱ्या वर्गातले. विवर्ण नर साध्या मादीस दिला तर सारी पिले दिसण्यात आईसारखीच निपजतात. बापाचा रंग नाहीसा झाला असे पाहणाऱ्यास वाटते. पण प्रत्येक पिलाच्या रक्तात तो लपलेला असतो. अशी दोन पिले पुढे एकत्र आणली की सरासरीने चारांत एक पिलू विवर्ण निघते. उरलेली तीन दिसण्यात सारखीच. पण त्या तिघांत दोघांजवळ तो लपलेला ठेवा असतो व एकाजवळ नसतो. कोणाजवळ आहे, हे नुसत्या नजरेने कोणासही सांगता येत नाही. म्हणून पाश्चात्य बाजारात अशी पिले 'शेकडा ६६ शक्यता' अशी चिठ्ठी लावून विकली जातात. रंग दिसत नाही, त्याची शक्यता विकली जाते! व्यापाराच्या इतिहासात वायद्याचे सौदे पुष्कळ झाले. पण न दिसणाऱ्या रंगाचा असा वायदा बहुधा येथेच पाहावयास मिळेल.

टीकाकाराने दोष काढण्यापूर्वी गुण सांगावेत, ही चांगली रीत आहे. आणि ह्या कलेच्या अंगी गुण थोडे नाहीत. पहिला गुण धीर. दोन निराळे अप्रभावी रंग एकाच सापात आणावयाचे तर पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही. दुसऱ्या पिढीत सरासरीने सोळांत एक पिलू इच्छिलेले निघते. काळेपणा व तांबडेपणा हे दोन्ही ज्यातून गेले आहेत असा हिमासारखा मका-साप ह्याच हिशेबाने सिद्ध झाला. सापाची मादी वयात यावयास काही वर्षे लागतात, तेव्हा एका कल्पनेचे फळ दिसेपर्यंत अर्धे तप सहज निघून जाते. दुसरा गुण अदृश्यावरील श्रद्धा. कारागीर साध्या दिसणाऱ्या पिलाकडे पाहतो आणि त्यात न दिसणारी गोष्ट वाचतो. कवीसही ह्याहून निराळे काय करावे लागते? तिसरा गुण प्रामाणिक वही. लपलेल्या गुणाचा पुरावा वंशावळीवाचून दुसरा नसल्यामुळे ज्याची नोंद खोटी त्याची सारी कला खोटी. हे तिन्ही गुण आम्ही मनापासून मान्य करतो. शिवाय हेही सांगितले पाहिजे की विवर्ण मका-साप पेटीत चांगले जगतात, खातात, पिले देतात. प्रत्येक रंगीत साप दुःखी आहे असे म्हणणे म्हणजे सत्याशी प्रतारणा होईल.

मग आमचा आक्षेप कोणता? तो तीन पायऱ्यांनी मांडतो.

पहिली पायरी सौंदर्याचीच आहे. ह्या कलेतील बहुतेक अप्रभावी रंग नव्याने निर्माण झालेले नसतात. असलेल्यांतून एक वजा झालेला असतो. काळे द्रव्य बनविणारे यंत्र बिघडले की पिवळा साप. तांबडे बनविणारे बिघडले की करडा. दोन्ही बिघडली की पांढरा. ही वजाबाकीची कला होय. शिल्पकारही दगडातून वजाच करतो, असे कोणी म्हणेल. परंतु शिल्पकार जे काढतो त्याने उरलेल्यास अर्थ येतो. येथे जे काढले जाते तोच अर्थ होता. रानातील मका-सापाचे डाग वाळल्या पानांत मिसळून जातात. त्यांच्या आधाराने तो शिकाऱ्यापासून लपतो व भक्ष्याजवळ पोहोचतो. तो रंग त्या प्राण्याचा व त्याच्या रानाचा संवाद असतो. पेटीतील पांढरा साप देखणा खरा, पण त्याचा रंग कोणाशीच बोलत नाही. तो फक्त पाहिला जातो. ज्या सौंदर्याचा पाहणाऱ्यावाचून दुसरा कोणताही संबंध उरला नाही, ते सौंदर्य चटकन थकते. म्हणूनच ह्या बाजारास सतत नवा रंग लागतो.

दुसरी पायरी रक्ताच्या नात्याची. लपलेले जनुक जोडीने आणावयाचे तर ते ज्यांच्याजवळ आहे असे दोघे हवेत. आणि जो रंग एकाच प्राण्यापासून सुरू झाला, तो त्याच्या आप्तांवाचून दुसऱ्या कोणाजवळ असणार? ह्याचे ठळक उदाहरण भारतातच घडले आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी पांढऱ्या वाघाचा एक बच्चा पकडला व त्याचे नाव मोहन ठेविले. साध्या रंगाच्या बेगम नामक वाघिणीपासून त्यास दहा बच्चे झाले, दहाही पिवळे. तेव्हा बेगमच्या पोटची राधा, म्हणजे मोहनची स्वतःची मुलगी, त्याच्याकडे दिली गेली आणि १९५८ च्या ऑक्टोबरात चार पांढरे बच्चे जन्मले. त्यांतील मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली. जगातील प्राणिसंग्रहालयांत आज जे पांढरे वाघ दिसतात, त्यांची वंशावळ मुख्यतः ह्या मोहनपर्यंत पोहोचते. मका-सापाची हकीकत १९५३ व १९६१ ची, वाघाची १९५१ व १९५८ ची. दोन खंडांत, दोन निराळ्या प्राण्यांवर, एकाच काळी एकच कृती चालली होती. बाप-लेकीच्या संततीत सर्व जनुकांपैकी सरासरीने चौथा हिस्सा एकाच पूर्वजाकडून दुहेरी आलेला असतो. आपण मागितलेला असतो एकच लपलेला गुण, म्हणजे रंग. पण दार उघडले की जे जे लपले होते ते सारे बाहेर येते. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा वारंवार आढळतो व तो त्या रंगाशीच निगडित आहे. हा रंग एका जनुकातील एका लहानशा फरकाने येतो, हे २०१३ साली सिद्ध झाले. तत्पूर्वी, २०११ साली, अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघाने दुर्मिळ अप्रभावी गुण दिसावेत म्हणून केलेली पैदास आपल्या सभासदांस निषिद्ध ठरविली. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढऱ्या वाघापुढे मुलांना उचलून धरणाऱ्या आईबापांस ही हकीकत ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

हे शास्त्र प्राण्यांपुरतेच नाही, हेही ओघाने सांगणे प्राप्त आहे. मामेबहिणीशी विवाह आमच्या दक्षिणेकडील अनेक समाजांत रूढ आहे. चुलत-मामे भावंडांच्या संततीत दुहेरी आलेल्या जनुकांचे प्रमाण सरासरी सोळावा हिस्सा असते. थॅलसेमियासारखा आजार अप्रभावी असून दोन निरोगी दिसणाऱ्या वाहकांच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारांत एक असते. सोयरीक जुळविताना पत्रिकेचे घर आपण जितक्या काळजीने पाहतो, तितकी काळजी रक्ताच्या एका तपासणीबद्दल घेतली तर त्यात कमीपणा नाही. साप, वाघ व माणूस ह्यांस मेंडेलचा नियम एकच.

तिसरी पायरी उरलेल्यांची. सोळांत एक हिमासारखा निघाला, पंधरांचे काय? चित्रकार नको असलेली रेखाटने फाडून टाकतो आणि कोणी त्यास दोष देत नाही. येथे प्रत्येक रेखाटन उंदीर खाते व वीस-वीस वर्षे जगते. हे पंधरा स्वस्तात विकले जातात, हौशी मुलांच्या हाती पडतात, पुष्कळदा दुर्लक्षिले जातात. आणि रसिकतेस एकदा रंगाचीच चटक लागली की अप्रभावी-प्रभावी हा भेदही मागे पडतो. बॉल पायथनमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला 'स्पायडर' नावाचा प्रकार फार लोकप्रिय झाला. त्याचे जनुक प्रभावी आहे. त्या नक्षीबरोबर डोके सतत डुलणे, तोल जाणे, भक्ष्यावर नेम न बसणे हा दोष येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या सापांच्या आतील कानाची घडणच बिघडलेली असल्याचे दाखविले गेले. हा दोष पाळणाऱ्यांस डोळ्यांनी दिसत होता. तरी नक्षी सुंदर म्हणून पैदास वर्षानुवर्षे चालूच राहिली. कलेसाठी कला ह्या सूत्राचे टोक पाहावयाचे असेल तर ते ह्या डुलणाऱ्या डोक्यात पाहावे.

आता आपल्या शिवारात येऊ. जुने लोक ज्यास वाढोणा म्हणतात त्या हिमायतनगराच्या आसपास, पैनगंगेच्या अलीकडे, कापूस, सोयाबीन व हळद ह्यांच्या रानांत सापाशी गाठ पडणे ही नित्याची गोष्ट आहे. येथे सापाचा रंग हा रसिकतेचा विषय नाही. काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसले की मण्यार. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा दिसल्या की घोणस. डोक्यावर बाणासारखी खूण दिसली की फुरसे. फण्यावर दहाचा आकडा दिसला की नाग. ही अक्षरे ज्यास वाचता येतात त्याचे पाऊल वेळीच मागे येते. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्या माणसांपैकी बहुतेक खेड्यांतील होती. ज्यास ही अक्षरे वाचता येत नाहीत तो शेतकरी उंदीर खाणारी निरुपद्रवी धामण नाग समजून ठेचतो, आणि स्वतःच्या धान्याचा राखणदार गमावितो. म्हणजे येथे रंग ही खूण आहे. सापाच्याही जीवाची व माणसाच्याही जीवाची.

पण खुणेऐवजी कल्पनेच्या मागे लागण्याची खोड आपल्याही अंगी आहेच. मांडूळ नावाचा गरीब, बिनविषारी साप, ज्याची शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून लोक त्यास दुतोंड्या म्हणतात, तो गुप्तधन दाखवितो व पैशांचा पाऊस पाडतो अशा समजुतीने त्याची चोरटी विक्री महाराष्ट्रात वारंवार उघडकीस येते. अमेरिकेतील ग्राहक न दिसणाऱ्या रंगास पैसे मोजतो. आमचा ग्राहक नसलेल्या चमत्कारास मोजतो. दोघांच्याही हाती जो सरपटणारा जीव असतो त्याचे मोल कोणीच करीत नाही.

रंगासाठी पैदास म्हणजे काय, हे मराठवाड्यास कळत नाही असे मात्र कोणी समजू नये. ती विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण ती गुराढोरांत. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी ही गोवंशाची जात एकरंगी गडद तांबडी. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाच्या नावाने ओळखली जाणारी देवणी जात पांढऱ्या अंगाची, आणि तिचे रंगावरून तीन प्रकार मानतात: अंगावर ठिपके नाहीत पण तोंड काळसर असा वानेरा, अंगाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके असलेला बाळंक्या, आणि सर्वांगावर काळ्या डागांची शिंपण असलेला शेवरा. ही नावे आणि पाश्चात्य सर्पबाजारातील नावे शेजारी ठेवून पाहावीत. तेथे विदूषक, कोळी, केळे अशी नावे. दुकानाच्या पाटीवर शोभतील, डोळ्यांत भरतील अशी. येथे वानेरा म्हणताच काळतोंडे वानर आठवते. हे नाव हाक मारताना तोंडात बसलेले, घरचे आहे. नावावरूनही कोणता रंग विकण्यासाठी आहे व कोणता सांभाळण्यासाठी आहे, हे थोडेफार समजते.

वेळ अमावास्येच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची जत्रा भरते. तेथील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे, आणि लाल कंधारी व देवणी जनावरांचे प्रदर्शनही तेथे भरते. त्या प्रदर्शनात वळूची पारख करणारा जाणता शेतकरी प्रथम रंग पाहतो, हे खरे. परंतु तो तेथे थांबत नाही. पायांची ठेवण, खुरांचा टणकपणा, छातीची रुंदी, चाल, स्वभाव, गाईच्या कासेची घडण हे सारे तो पाहतो. रंगाने त्यास एवढेच सांगितलेले असते की हे जनावर कोणत्या कुळाचे आहे; ते कुळास शोभते की नाही, हे त्याचे त्यालाच शोधावयाचे असते. उन्हात औत ओढील, कोरड्या चाऱ्यावर तग धरील, घरापुरते दूध देईल, असे त्या तांबड्या रंगाचे पिढ्यांनी दिलेले वचन आहे. वचन पाळले जाते की नाही हे शेतावर ठरते. आणि रक्ताच्या नात्याविषयी तर गोठ्यातील नियम मोहन-राधेच्या हकीकतीच्या अगदी उलट आहे. वळूने आपल्याच पोटच्या कालवडींवर येऊ नये म्हणून तो तीन-चार वर्षांनी बदलावा, दुसऱ्या गावाहून आणावा, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे कुळाची खूण राखावयाची, पण कूळ कोंडावयाचे नाही. ही समतोल दृष्टी आम्हांस मोठ्या कलावंताची वाटते.

हा समतोल आपोआप टिकत नाही. प्रदर्शनातील बक्षीस, चढी किंमत व हौशी धनिकाची फर्माईश ह्यांच्या दडपणाखाली रंग ही खूण न राहता साध्य होऊन बसण्यास वेळ लागत नाही. एखाद्या गुणी कालवडीच्या अंगावर नको तेथे पांढरा ठिपका निघाला म्हणून ती बाद करावयाची, आणि दुबळ्या वळूस त्याच्या निर्दोष तांबडेपणापायी गावभर वापरावयाचे, हा मार्ग सापाच्या पेटीकडेच जातो. युरोप-अमेरिकेतील काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाईंत अप्रभावी जनुकामुळे अधूनमधून तांबडी-पांढरी वासरे निघत. अमेरिकेतील वंशनोंदवहीने ती कित्येक दशके नाकारली. त्यांच्या माता-भगिनींचे दूध जे होते तेच त्यांचेही होते. दोष फक्त रंगाचा. अखेर १९७० च्या सुमारास त्या वहीची दारे त्यांस उघडली. रंगास साध्य मानल्याने लपलेला गुण बाहेर काढण्याचा जसा हट्ट होतो, तसा दिसलेला गुण पुरून टाकण्याचाही होतो. दोन्ही हट्टांत जीव मागे पडतो.

आमच्या ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पेटीत पैदास झाल्याने रानातील सापांची धरपकड थांबते. ती काही अंशी कमी झाली असेल. परंतु घाना, टोगो व बेनिन ह्या पश्चिम आफ्रिकेतील देशांतून बॉल पायथन जिवंत पाठविण्याचा व्यापार अद्याप थांबलेला नाही. नव्या रंगाचा शोध रानातूनच सुरू होतो, तेव्हा हौस वाढली की रानावरील डोळाही वाढतो. दुसरा आक्षेप असा की ज्यास हौस आहे त्याने आपल्या घरी काय पाळावे ह्यात टीकाकाराने का पडावे? ह्याचे उत्तर कायद्याने अर्धे दिलेच आहे. भारतातील साप पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. आणि २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राण्यांचा ताबा, हस्तांतरण, जन्म व मृत्यू ह्यांची नोंद करणे बंधनकारक झाले. पण कायदा ताबा मोजतो, अभिरुची मोजीत नाही. अभिरुचीचा विचार करणे हे टीकेचेच काम आहे.

महाभारताच्या आदिपर्वात सर्पांची आई कद्रू व तिची सवत विनता ह्यांनी उच्चैःश्रवा घोड्याच्या रंगाविषयी लाविलेल्या पैजेची कथा आहे. घोडा सर्वांगी शुभ्र, असे विनता म्हणाली. शेपूट काळे, असे कद्रू म्हणाली. हरणारीने दासी व्हावयाचे. पैज जिंकण्यासाठी कद्रूने आपल्या पुत्रांस काळे केस होऊन शेपटास चिकटण्याची आज्ञा केली, आणि ज्यांनी ती ऐकली नाही त्यांस जनमेजयाच्या सर्पसत्रात जळून मरण्याचा शाप दिला. पोटच्या पोरांचा उपयोग रंगासारखा करावा आणि जे रंग होण्यास कबूल नाहीत त्यांनी जळावे, ह्याहून रंगलोभाचे भेदक वर्णन आम्हांस ठाऊक नाही. कद्रूने पैज जिंकली. परंतु ती कथा ऐकणारा कोणीही तिच्या बाजूचा होत नाही.

तेव्हा सजीव साहित्यावर काम करणाऱ्या कोणत्याही कलेस, मग ती सर्पाची असो, वाघाची असो वा गाईची असो, आम्ही तीन प्रश्न विचारू. हा रंग मिळविण्यासाठी किती जवळचे रक्त एकत्र आणले? ज्यांना हा रंग आला नाही त्यांचे पुढे काय झाले? आणि हा रंग पुसला तर ह्या प्राण्याजवळ त्याचे स्वतःचे असे काय उरते? कंधारच्या वळूजवळ खांदा उरतो, देवणीच्या गाईजवळ दूध उरते, शिवारातील धामणीजवळ तिचे रान व तिची शिकार उरते. 'स्पायडर' अजगराजवळ डुलणारे डोके उरते. फडके-खांडेकर वादात आम्ही कोणत्या बाजूचे, हे शब्दांच्या कलेपुरते आम्ही अनिर्णीत ठेवण्यास तयार आहोत. जीवांच्या कलेपुरते मात्र निर्णय करणे भाग आहे.

आणि रंगाची हौस माणसाने सोडावी, असेही आमचे म्हणणे नाही. पोळ्याच्या दिवशी मराठवाड्यातील गरिबातला गरीब शेतकरी बैलास न्हाऊ घालतो, शिंगे हिंगुळाने रंगवितो, बेगड लावितो, पाठीवर झूल घालून वाजतगाजत गावातून मिरवितो. त्या दिवशी बैलाहून देखणे गावात काही नसते. पुढे शिंगांवरचा रंग ऊनपावसात हळूहळू उडून जातो, आणि खाली बैल जसाच्या तसा असतो.